येळवसेची फायनल

सेमीफायनल संपवून मी गुडघ्याला बर्फ बांधून बसले होते, तेव्हा कशिश माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "दीदी, उद्या सकाळी इथं नाश्ता कुठं चांगला मिळतो?"

प्रश्न साधा होता. लातूर माझं गाव, ती नांदेडची. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला आमची दोघींची फायनल. गावच्या माणसाला पाहुण्यानं विचारावं तसं तिनं विचारलं आणि गावच्या माणसानं सांगावं तसं मी सांगितलं, "स्टँडसमोर जा. पोहे, चुरमुऱ्यांची सुशीला, सगळं मिळतं."

हे खोटं नव्हतं. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस स्टँडसमोर सगळं मिळतं. उरलेला एक दिवस म्हणजे वेळ अमावस्या, आमच्या बोलीत येळवस, आणि ती नेमकी उद्या होती. येळवसेला सगळं लातूर डब्यांसकट शेतात जातं. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो. हॉटेलवाला जातो, त्याचा आचारी जातो, लॉजचा मॅनेजर कुलूप लावून जातो. बाहेरचा माणूस त्या दिवशी लातुरात उतरला तर त्याला वाटतं, कर्फ्यू लागलाय. मला एवढंच एक वाक्य बोलायचं होतं, की उद्या सगळं बंद असतं. ते मी बोलले नाही. ती "थँक्यू दीदी" म्हणून गेली आणि मी बर्फाची पिशवी उलटी केली.

मी आरती. वय चौतीस. सतरा वर्षं व्यावसायिक टेनिस खेळतेय. सगळ्यात भारी रँकिंग होतं तेव्हा मी जगात तीनशे अकरावी होते. हे सांगितलं की लोक "अच्छा, अच्छा" म्हणून गप्प होतात. जगातली तीनशे अकराव्या नंबरची डॉक्टर असते तर याच लोकांनी माझ्या दारात चपला काढून रांग लावली असती. असो. पण मराठवाड्यात टेनिस म्हटलं की पंधरा वर्षं माझंच नाव निघत होतं, हे मात्र खरं. शाळांमध्ये मला बक्षीस वाटायला बोलवायचे. मग गुडघा गेला, दोन वर्षं त्यातच गेली आणि रँकिंग हजाराच्या आसपास जाऊन पडलं.

लातूरच्या या स्पर्धेत जी जिंकेल तिला पुढच्या महिन्यात पुण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या मुख्य फेरीत थेट प्रवेश होता. माझ्यासाठी दुसरं कुठलंच दार उघडं नव्हतं. मी ठरवलं होतं, पुण्याला एकदा, फक्त एकदा, मोठ्या कोर्टावर नावाची घोषणा ऐकायची आणि मग रॅकेट माळ्यावर टाकायची. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. माझ्या वडलांना, अण्णांनाही नाही.

आणि मध्ये ही पोरगी उभी. वय अठरा, डावखुरी. पहिल्या फेरीत तिनं दुसऱ्या मानांकित मुलीला घरी पाठवलं होतं. या नव्या पोरींचं एक मला कळत नाही. चेंडू मारताना त्या विचारच करत नाहीत. आम्ही एकेक पॉइंट घोटून घोटून, जमवून आणायचो. या आल्या की सरळ कोपऱ्यात ठोकतात, चुकला तर हसतात, परत तिथंच ठोकतात. वर गोड बोलतात. पहिल्या दिवशी भेटली तेव्हा कशिश म्हणाली, "दीदी, मी लहानपणी तुमची मॅच बघितलीय." लहानपणी! मी तिला हसून दाखवलं, पण ते मला आठ दिवस टोचत होतं.

तिच्यासोबत तिचे आजोबा आले होते, पाशामियाँ. मराठवाड्यात रॅकेट धरणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत आहेत. जुन्या नांदेडात त्यांचं गादी-रजईचं दुकान आहे. त्यांचे वडील धनुकलीनं कापूस पिंजायचे. धनुकलीला जी आतड्याची तात लावतात ती ताणायचा हात घरातच होता, म्हणून कधीतरी क्लबातल्या कुणा साहेबानं तुटलेली रॅकेट त्यांच्याकडं टाकली आणि तेव्हापासून रॅकेटच्या तारा ओढणं हा त्यांचा दुसरा धंदा झाला. आता मशीन आहे, तरी तार ओढून झाली की ते बोटानं छेडतात आणि कान लावून ऐकतात. माझ्या पहिल्या रॅकेटची तारही त्यांनीच ओढली होती. मी अकरा वर्षांची होते, अण्णा मला एस.टी.नं नांदेडला घेऊन गेले होते. तेव्हा निघताना अण्णा त्यांना म्हणाले होते, "पाशाभाई, येळवसेला या एकदा आमच्या शेतावर." अण्णा हे सगळ्यांनाच म्हणतात.

मुंबईहून आलेल्या आयोजकांनी फायनल येळवसेच्या दिवशी सकाळी दहाला ठेवली होती. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. इथल्या सेक्रेटरींनी हात जोडले, "साहेब, सकाळी पंचसुद्धा मिळणार नाही." मग मधला मार्ग म्हणून तीन वाजता ठरलं. तोवर लोक जेवून परत येतील, असा सेक्रेटरींचा हिशेब होता. येळवसेला तीन वाजता लोक काय करतात हे सेक्रेटरींना चांगलं माहीत होतं, पण मुंबईच्या साहेबापुढं कोण बोलणार?

सकाळी मी शेतावर गेले. मॅच असली तरी जावंच लागतं. नाही गेले तर माय पुढच्या येळवसेपर्यंत बोलत नाही. आमचं शेत लातूरहून चाकूरला जाताना रस्त्याला लागूनच आहे. ज्वारी कमरेच्या वर आली होती, हरभऱ्याला घाटे धरले होते. अण्णांनी कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी केली होती, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव, मांडून पूजा झाली होती. त्यांनी शेताच्या चारी बाजूंनी आंबील शिंपडून घेतली आणि माय डबे उघडायला बसली. भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, धपाटे, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर, आणि मधोमध ओल्या फडक्यात गुंडाळलेली आंबिलीची छोटी घागर, बिंदगी.

मी माझी पिशवी उघडली. दोन केळी, चार खजूर आणि क्षारांची पूड घातलेली पाण्याची बाटली.

मायनं त्याकडं असं बघितलं की मी जणू कोपीत चप्पल घालून शिरले. "येळवसेच्या दिवशी केळं खाती?"

"माय, तीनला मॅच हाय माझी."

"मग? उपाशी पोटी मॅच जिंकतेत का?"

मायला कसं सांगावं. भज्जी म्हणजे तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, वाटाणे, चुका, मेथी, वर बेसन. पोटात गेलं की संध्याकाळपर्यंत तिथंच ठाण मांडून बसतं. आणि आंबील! ज्वारीचं पीठ ताकात आंबवलेलं, लसूण-जिऱ्याची, गार. पहिला ग्लास घशाला लागतो, दुसरा पोटाला आणि तिसरा थेट डोळ्यांना. म्हणूनच येळवसेला दुपारी अख्खा जिल्हा झाडाखाली आडवा असतो. बारा वर्षं मी डिसेंबरात बाहेरगावी असायचे, येळवस चुकायची. यंदा गावात असून मी ती केळ्यावर काढली.

अण्णा तोवर बांधावर जाऊन उभे राहिले होते. आमच्याकडं रीत आहे, येळवसेला शेतावरून जाणाऱ्याला हाक मारायची. ओळखीचा असो, नसो. अण्णांना तर याचा नादच आहे. ट्रकवाला थांबवतील, मोटारसायकलवाला थांबवतील. बारा वाजत आले तेव्हा एक जुनी पांढरी ओम्नी हळूहळू येताना दिसली आणि अण्णांनी दोन्ही हात वर केले.

"ओ, या जेवायला! या की!"

ओम्नी थांबली. दार सरकलं आणि आतून पाशामियाँ उतरले. त्यांच्या मागं कशिश, ट्रॅकसूटमध्ये, केस वर बांधलेले.

माझ्या हातातलं केळं तसंच राहिलं.

"आरं, पाशाभाई!" अण्णांचा आवाज दोन शेतं पलीकडं गेला असेल. "बावीस-तेवीस वर्सं झाली बोलावून, आज आलाव व्हय?"

"आलो हणमंतराव. म्हटलं, जाऊ एकदा." पाशामियाँनी अण्णांचे दोन्ही हात हातात घेतले. "ही माझी नात, कशिश. आज तुमच्या आरतीसंगं खेळून राहिली."

मला वाटलं, अण्णा जरा तरी विचारात पडतील. छे. त्यांचा चेहरा आणखीच फुलला. "मंग तर लईच झ्याक! गुणा, ही पोरगी आपल्या आरतीसंगं फायनल खेळायलीय. हिला पोटभर वाढ."

गुणाबाई म्हणजे माझी माय. तिला तेवढंच पाहिजे होतं. सकाळपासून तिची माया केळ्याला आपटून परत येत होती, ती आता सगळीच्या सगळी कशिशच्या ताटात पडली. भज्जी वाढली, त्यावर तेल सोडलं, दोन उंडे, खीर. कशिश मांडी घालून बसली आणि जेवायला लागली. उपाशी होती पोरगी.

मग मायनं आंबिलीचा ग्लास भरला.

आता बोलावं, असं मला वाटलं. एवढंच म्हणायचं होतं, 'माय, तिला आंबील नको देऊ, मॅच आहे.' शब्द तोंडाशी आले होते. पण त्याच वेळी माझ्या आत दुसरं कुणीतरी शांतपणे मोजत होतं. बारा वाजले. मॅच तीनला. तीन तासांत आंबील उतरत नाही.

मी अठरा वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. दिल्लीत माझी पहिली मोठी स्पर्धा होती. एका नावाजलेल्या खेळाडूला, जिचे फोटो मी वहीत चिकटवले होते, मी विचारलं, "ताई, कोर्टावर जाणारी बस किती वाजता?" ती म्हणाली, "नऊ." बस आठला गेली. मी रिक्षा शोधत पोचले तेव्हा माझं नाव खोडलेलं होतं. तिनंच खोटं सांगितलं होतं, की बसची वेळ बदलली होती, ते मला कधीच कळलं नाही, पण मी धडा घेतला, या धंद्यात कुणी कुणाला काही सांगत नाही. आपापलं बघायचं. तेव्हापासून मी आपापलं बघितलं, आणि खरं सांगते, त्याचा मला त्रास झाला नाही.

कशिशनं पहिला ग्लास संपवला. मायनं दुसरा भरला. मी केळं सोललं. मायनं तिसरा भरला तेव्हा कशिशनं एकदा आजोबांकडं बघितलं. पाशामियाँ अण्णांशी ज्वारीबद्दल बोलत होते. तिनं तिसराही पिऊन टाकला.

"तू जेवली न्हाईस, आरती बेटा?" पाशामियाँनी मला विचारलं.

"मॅच आहे ना चाचा."

"हाव," ते म्हणाले, "मॅच हाय." आणि मायकडं वळून त्यांनी भज्जी वाढून घेतली.

जेवण झाल्यावर कशिश कोपीच्या सावलीत कडब्यावर आडवी झाली आणि दोन मिनिटांत झोपली. तोंड थोडं उघडं, हात डोक्याखाली. अगदीच लहान दिसत होती. मायनं तिच्या अंगावर आपली शाल टाकली. निघताना तिला उठवलं तेव्हा मायनं चार तिळाच्या पोळ्या फडक्यात बांधून तिच्या बॅगेत घातल्या आणि तिच्या तोंडावरून हात फिरवला. मला ती फक्त म्हणाली, "जा. नीट खेळ."

तीन वाजता स्टेडियमवर तीस-चाळीस माणसं होती. त्यातली निम्मी पायऱ्यांवर पाठ टेकून होती. तीन लाइन अंपायर शेतातून परतलेच नाहीत. उंच खुर्चीवर बसलेले पंच तेवढे आले होते आणि त्यांचेही डोळे तांबडे होते. मुंबईचे आयोजक घड्याळ बघत इकडून तिकडं फिरत होते.

पहिला सेट सव्वीस मिनिटांत संपला. सहा-एक. कशिशचे पाय जमिनीतून निघतच नव्हते. ती चेंडूपर्यंत पोचायची, पण अर्ध्या पावलानं उशिरा. एकदा तर सर्व्हिस करण्याआधी तिनं बाहीआड तोंड लपवून लांब जांभई दिली. मी तिला डावीकडं पळवलं, उजवीकडं पळवलं, ड्रॉप शॉट टाकले. प्रत्येक पॉइंट मी ठरवला तसा पडला. मला आनंद झाला का? झाला. पुणं समोर दिसत होतं. पण खुर्चीत बसून पाणी पिताना माझ्या लक्षात आलं की आपण प्रेक्षकांकडं बघायचं टाळतोय, कारण पायऱ्यांवर पाशामियाँ बसले होते आणि त्यांच्या शेजारी अण्णा आणि माय. मायनं उरलेल्या आंबिलीची बिंदगीसुद्धा उचलून आणली होती. अण्णा शेजाऱ्यापाजाऱ्यांना ग्लास भरून देत होते.

दुसऱ्या सेटमध्ये तीन-तीनला असताना पोरगी जागी झाली. ते मला दिसलंच. तिनं दोनदा जागच्या जागी उड्या मारल्या, तोंडावर पाणी मारलं आणि पुढचा चेंडू असा ठोकला की मी रॅकेटसुद्धा हलवली नाही. मग तिच्या डाव्या हाताचं एकेक बाहेर यायला लागलं. चार-सहा. सेट गेला.

तिसऱ्या सेटमध्ये मात्र माझंच काहीतरी बिघडलं. आधी वाटलं गुडघा. गुडघा ठीक होता. मांड्या थरथरत होत्या. सर्व्हिससाठी चेंडू वर टाकला की एकाचे दोन दिसायचे. सकाळपासून दोन केळी आणि चार खजूर, त्याच्यावर पावणेदोन तास पळापळ. सतरा वर्षं खेळणाऱ्या बाईला हे कळू नये? कळत होतं. एरवी मॅचच्या आधी मी खानावळीत मोजून भात खाते, दही खाते. आज शेतात मायच्या समोर डब्यांना हात लावला असता तर भज्जीही घ्यावी लागली असती, आणि शहरात तर सगळं बंद. कशिशला उपाशी ठेवायला मी जो बंद बाजार वापरला होता, त्यानं बरोबर मलाच उपाशी ठेवलं होतं.

एक-चार. बाजू बदलताना खुर्चीत बसले आणि बाटलीचं झाकण मला उघडेना. बोटंच धरत नव्हती.

आमच्या दोन खुर्च्यांच्या मध्ये पंचांची उंच खुर्ची. तिच्या खालून एक फडकं सरकत माझ्याकडं आलं. त्यात तिळाच्या दोन पोळ्या.

"दीदी, खा," कशिश हळू आवाजात म्हणाली. "सकाळपासून तुम्ही काहीच खाल्लं न्हाई."

"तुझ्या आहेत त्या."

"मावशीनं दिल्यात. मी दोन खाल्ल्या. दोन तुमच्या."

मी वर बघितलं. पंच लांब कुठंतरी झाडांकडं बघत होते. मी पोळी तोंडात घातली. मायच्या हातची, आमच्या घरच्या तिळाची, गुळाची पोळी मी पोरक्यासारखी भराभर खाल्ली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लाज वाटली. दुसरं काही म्हणायचं नाही त्याला.

गूळ अंगाला लागायला थोडा वेळ गेला. मग मी खेळले. खोटं कशाला बोलू, गेल्या तीन वर्षांत खेळले नाही इतकं चांगलं खेळले. एक-चारवरून चार-चार केले. पायऱ्यांवरची माणसं उठून बसली. कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं. दोघींपैकी कुणाला वाजवताहेत ते कळत नव्हतं, बहुतेक त्यांनाही. पाच-पाच. पाच-सहा. माझ्या जुन्या घोटलेल्या पॉइंटांना तिच्याकडून उत्तरं येत होती, आणि तिनं सरळ ठोकलेल्या चेंडूंना मीही उत्तरं काढत होते. कितीतरी दिवसांनी मला टेनिस खेळायला मजा आली.

मॅच पॉइंटला तिची डाव्या हाताची सर्व्हिस माझ्या बॅकहँडकडून बाहेर बाहेर वळत गेली. मी पोचले. तिनं चेंडू अलगद जाळ्याजवळ टाकला. तिथंही पोचले. मग तिनं माझ्या डोक्यावरून उंच चेंडू दिला आणि मी वळून बघत राहिले. रेषेच्या आत हातभर पडला. पाच-सात.

जाळ्यावर हात मिळवताना ती म्हणाली, "दीदी, छान खेळलात." मी तिच्या पाठीवर थाप मारली. पुणं गेलं, हे मला कळत होतं, पण ते अजून आत उतरलं नव्हतं.

बक्षीस समारंभ पंधरा मिनिटांत उरकला. मुंबईच्या आयोजकांना गाडी गाठायची होती. माणसं पांगली. आम्ही दोघी कोर्टाच्या कडेच्या बाकावर बुटांच्या नाड्या सोडत बसलो. ऊन उतरत होतं आणि लांबच्या शेतांत धूर दिसत होता. मला वाटलं, आत्ता बोलले नाही तर हे कायमचं राहून जाईल.

"कशिश, काल तू मला नाश्त्याचं विचारलंस. आज सगळं गाव बंद असतं, हे मला माहीत होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही."

तिनं मान वर केली नाही. आजोबांना ती दादा म्हणते. "दादांनी सांगितलं ना रात्री. दादा चाळीस वर्सं या गावांत रजया विकत फिरून राहिलेत, त्यांना सगळं ठावं हाय. म्हणाले, उद्या येळवस हाय, स्टँडसमोर कुत्रं पण मिळायचं न्हाई."

"मग? माझ्याबद्दल काय म्हणाले?"

"म्हणाले, आरती बेटा विसरली असंल. मॅचचं टेन्शन हाय तिला."

मी सुटलेली नाडी पुन्हा सोडायला घेतली.

"दादा म्हणाले, येळवसेला कुणी उपाशी राहत न्हाई. फक्त रस्त्यानं निघायचं. सकाळी तीन शेतांतून आम्हाला हाका आल्या, दीदी. दादा थांबले न्हाईत. म्हणाले, हणमंतरावांचं बोलावणं लई जुनं हाय, आधी तिथं जाऊ."

माझ्या गप्प बसण्याचं मी एवढं ओझं वाहत होते, आणि त्यानं त्यांचं काडीचंही अडलं नव्हतं. त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवलाच नव्हता. त्यांनी बांधावर उभं राहून हाक मारणाऱ्या माणसावर ठेवला होता. आणि तो माझा बाप होता.

"आणि आंबील?" मी विचारलं. "आंबिलीनं झोप येते, हे चाचांना माहीत नव्हतं?"

"होतं की. वाटेतच सांगितलं होतं त्यांनी, लई चढते म्हणून."

"मग तीन ग्लास कशाला प्यालीस?"

आता तिनं माझ्याकडं बघितलं. माझा प्रश्नच तिला कळला नव्हता. "मावशीनं तीनदा भरला ना," ती म्हणाली.

सतरा वर्षांत मला कुणी इतकं सरळ हरवलं नव्हतं, आणि ते कोर्टावर नाही.

अण्णा आमच्याकडं येत होते. एका हातात बिंदगी, दुसऱ्या हातात ग्लास. मागं माय आणि पाशामियाँ काहीतरी बोलत हळूहळू चालत होते. पाशामियाँ माझी रॅकेट घेऊन बोटानं तार छेडत, कान लावून मायला काहीतरी समजावून सांगत होते. माय मोठ्या गंभीरपणे मान डोलावत होती.

"शेवटची हाय," अण्णा बिंदगी हलवून म्हणाले. त्यांनी ग्लास भरला आणि जरा घुटमळले. दोघींपैकी कुणाला द्यावा, हे त्यांना कळेना. मी हात पुढं केला. आंबील गार होती, सकाळपेक्षा जास्त आंबलेली. एका दमात संपवली. अण्णांनी न विचारता पुन्हा भरला. तोही संपवला. माय लांबून बघत होती, तिनं पदरानं तोंड पुसल्यासारखं केलं.

"पुण्याला कधी निघतेस?" मी कशिशला विचारलं.

"पुढच्या महिन्यात. पंधराला." तिनं बूट बॅगेत टाकले. "दीदी, मी पुण्याला कधी गेलेच न्हाई. तिथलं काय ठावं न्हाई मला."

माझ्या बॅगेत वही होती. सतरा वर्षांत मी ज्या ज्या गावी खेळले तिथलं सगळं त्यात लिहिलेलं आहे. कुठल्या कोर्टावर चार वाजता ऊन कुठून डोळ्यात येतं, कुठला चेंडू लवकर मऊ पडतो, सरावाला कोर्ट हवं असेल तर सकाळी किती वाजता रांगेत उभं राहायचं. ती वही मी आजवर कुणाला दाखवली नव्हती. मी पुण्याचं पान काढलं आणि वही दोघींच्या मध्ये बाकावर ठेवली. ती जवळ सरकली. डोळे मिटायला लागले होते माझे, दोन ग्लास चढले होते, तरी मी एकेक ओळ वाचत गेले.

सगळ्यात आधी मी तिला नाश्ता कुठं मिळतो ते सांगितलं.